घासलेलं हेड

म्हसवडच्या यात्रेत बनुबाई गाडीवरून उतरली ती थेट नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या गाडीवर मी परत बसायची न्हाई."

वर कठड्याला वाकून माणसं अजून शिट्ट्या मारत होती. उभ्या फळ्यांची ती गोल विहीर, म्हणजे मौतका कुवा, अजून हादरत होती. नाथाजीनं हसून वर हात केला, लोकांना नमस्कार केला आणि ओठ न हलवता म्हणाला, "लोकं बघत्यात. आत चल, मग बोलू."

"आत काय बोलायचं? किक मारून बघा."

नाथाजीनं मारली नाही. त्याला ठाऊक होतं. इंजिन इतकं तापलं होतं की जवळ उभं राहिलं तरी लुगड्यातून पायाला झळ लागत होती, आणि किक दगडावर पाय द्यावा तशी जागच्या जागी राहत होती. थोडं थंड झाल्यावर ती सुटली. नाथाजी म्हणाला, "बघ, सुटली का न्हाई? नवं काम हाय. बसंल हळूहळू."

माण तालुक्यातली जमीन म्हणजे पावसावर टाकलेला डाव. नाथाजीचे भाऊ मुंबईला गिरणीत गेले, हा फौजेत गेला. तिथं तो मोटारसायकलवरून निरोप पोचवायचा. पासष्टच्या लढाईत त्यानं रात्रंदिवस गाडी हाकली होती. फौज सुटल्यावर त्यानं खडकीच्या लिलावातून दोन जुन्या मॅचलेस मोटारसायकली उचलल्या. एका सिलिंडरच्या, साडेतीनशे सी.सी.च्या, विलायतेतून गोऱ्यांच्या काळात आलेल्या. दोन्ही अगदी जुळ्या बहिणींसारख्या. पलूसच्या लालासाहेबाचा बागायती ऊस होता आणि यात्रेत काहीतरी उभं करायची हौस होती. त्यानं कुवा बांधला, नाथाजीनं गाड्या आणल्या, आणि दोघांची भागी जमली.

बाई गाडी चालवते म्हटल्यावर गर्दी दुप्पट होणार, हे लालासाहेबाचं डोकं. बनुबाई आधी नाही म्हणाली. मग नाथाजीनं तिला माळावर गाडी शिकवली, आणि पुढं कुव्याच्या तळाशी तिरक्या फळीवर, आणि एक दिवस ती भिंतीवर चढली. सासरा म्हणाला, मराठ्याची सून यात्रेत नाचायला निघाली, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. तिनं लावला नाही. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. भिंतीवर गाडी धरली की अंगाचं वजन खाली न जाता मागं जातं, जग आडवं होतं, आणि कुणाचं काही ऐकू येत नाही. फक्त इंजिन ऐकू येतं.

त्या इंजिनावरच सगळं होतं. कुव्यात पडायचं नसेल तर गाडी चालू राहिली पाहिजे, एवढा एकच नियम. भिंतीवर गाडीला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. त्या दोन मॅचलेस काही लय पळायच्या नाहीत. डुगडुग वाजायच्या, तेल गाळायच्या, पण इतक्या वर्षांत एकदाही भिंतीवर बंद पडल्या नव्हत्या.

मग कोल्हापूरकडचा एक कुवा यात्रांना येऊ लागला. त्यांच्याकडं दोन सिलिंडरची गाडी होती. तिचा आवाज देवळापर्यंत जायचा. लालासाहेब म्हणाला, "नाथाजी, आपल्या गाड्या म्हाताऱ्याच्या खोकल्यावानी वाजत्यात."

हे बोलणं नाथाजीला लागलं. त्यानं एका गाडीचं इंजिन खोललं. सांगलीला लेथवर नेऊन हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खालून घासून आणलं; त्यानं आतली जागा कमी झाली. पुण्याहून कुणा शर्यतवाल्याकडून उंच डोक्याचा पिस्टन आणला. सायलेन्सर काढून सरळ नळी लावली. गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्या पालातली पोरं रडायला लागली आणि नाथाजीचे डोळे चमकले. गाडी खरंच पळायला लागली. कठड्याच्या अगदी काठाला जाऊन यायची, आणि लोक मागं सरकायचे.

पण तेव्हापासून ती मोडायचीही. आधी हेडखालची पट्टी फुटली. मग धूर बाहेर टाकणारा वॉल्व्ह जळला. दर वेळी जमिनीवर असताना, देवाच्या कृपेनं. दर वेळी नाथाजीकडं सांगायला काहीतरी असायचं. पट्टीच जुनी हुती. वॉल्व्हच हलका हुता. आणि बनुबाईला इंजिनात एक नवा आवाज येऊ लागला. भार पडला की डब्यात खडे खुळखुळावेत तसा. तिनं सांगितलं. नाथाजी म्हणाला, "सरळ नळीचा आवाज हाय त्यो."

म्हसवडनंतर ती आपल्या जुन्या, न घासलेल्या गाडीवरच बसू लागली. नाथाजी काही बोलला नाही. तिला वाटलं, समजलं असेल.

पौषात औंधला यमाईची यात्रा. थंडी होती, ऊन कोवळं होतं, माणूस मावत नव्हतं. बनुबाई आपली गाडी पुसत होती तेवढ्यात तिनं पाहिलं की घासलेल्या गाडीवर धुळा बसलाय.

धुळा माणातलाच, दहिवडीच्या अलीकडच्या वस्तीवरचा. बापामागं मेंढरं सांभाळलेलं पोर, पण मेंढरांमागं चालायचा कंटाळा आलेलं. नाथाजीचा पिच्छा पुरवून तो गाडी शिकला होता आणि दोन यात्रा जुन्या गाडीवर चांगला फिरला होता. लग्न ठरलं होतं. अंगात नवा निळा सदरा होता.

"उतर," बनुबाई म्हणाली.

"का वं वैनी?"

"ती गाडी बरी न्हाई. उतर म्हंते न्हवं."

धुळा हसला. "वैनी, ह्या गाडीवर बसायला मी किती दिस वाट बघतोय. फौजींनीच दिली."

ती नाथाजीकडं वळली. तो तिकिटाच्या खिडकीपाशी लालासाहेबाबरोबर उभा होता. "आवं, मी नगं म्हटली ती गाडी त्याला दिली व्हय?"

"तुला नगं म्हणून काय तिची पूजा घालायची?" नाथाजी म्हणाला. लालासाहेब हसला आणि त्यानं भोंग्यावरच्या माणसाला खूण केली. भोंगा ओरडायला लागला. गर्दी जिन्यावर चढायला लागली.

धुळ्यानं तळाशी दोन फेऱ्या मारल्या, तिरक्या फळीवर घेतली आणि भिंतीवर चढवली. गाडी अशी चढली की वरच्या बायका किंचाळल्या. तो हात सोडून फिरला, पुन्हा हात धरले, आणखी वर गेला. बनुबाई तळाच्या मधोमध आपली गाडी धरून उभी होती. तिला खडे ऐकू आले. आधी थोडे, मग जास्त, मग सलग. ती ओरडली, "खाली घे! धुळा, खाली घे!" त्या नळीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

आणि आवाज थांबला.

एकदम. कुणी गळा दाबावा तसा. मागचं चाक धरलं गेलं, फळ्यांवर रबराची काळी रेघ ओढली गेली. धुळ्यानं क्लच दाबला. तिनं त्याची बोटं दाबताना पाहिली. चाक सुटलं, पण गाडीत जीव नव्हता. एक क्षण ती तशीच भिंतीवर सरकत राहिली आणि मग वेग संपला. धुळा आणि गाडी बरोबर खाली आली. गाडी वर, धुळा खाली.

मांडीचं हाड मोडलं होतं. तापलेली नळी पोटरीला चिकटली होती. बनुबाईनं आणि भोंग्यावरच्या माणसानं मिळून गाडी उचलली. धुळा ओरडला नाही. डोळे मिटून दात खात पडला होता.

बंदोबस्तावरचा हवालदार जिना उतरून आला. काय झालं म्हणाला. बनुबाई बोलायच्या आत नाथाजी म्हणाला, "पोरगं वर जाऊन घाबारलं, साहेब. हातातला ॲक्सिलेटर सोडला. नवीन हाय."

लालासाहेबानं मान हलवली आणि हळूच जोड दिली, "सकाळपास्नं जरा घेतलेली बी हुती म्हंत्यात."

बनुबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. नाथाजी तिच्याकडं बघत नव्हता. मग धुळ्याला उचलायची गडबड झाली, कुणाची तरी जीप मिळाली, आणि ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन साताऱ्याला गेली.

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात धुळ्याचा पाय वजनं लावून टांगला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई रंगुबाई आली. डोक्यावर घोंगडं, पायाला माणातली धूळ. तिनं लेकाकडं बघितलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मग बनुबाईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"माजं लेकरू पिऊन चढलं हुतं का गं?"

"कोन म्हटलं तुमाला?"

"औंधास्नं आल्याली माणसं म्हंत्यात. दारूच्या नादात पडलं म्हंत्यात. पोरीच्या बापानं निरोप धाडलाय, दारुड्याला पोर द्यायची न्हाई म्हणून." रंगुबाईचा आवाज चढला नाही. "त्याचा बाप दारू पीत न्हवता. ह्यो बी पीत न्हाई. पन तिकडं यात्रेत ऱ्हायला लागल्यापास्नं मला काय म्हायती? तू खरं सांग."

"मावशी, देवाशपथ सांगते, प्याला न्हवता."

"मग भ्याला हुता?"

बनुबाई म्हणाली, "इंजिन जाम झालं." ते बोलताना तिच्याच लक्षात आलं की ह्या बाईला ह्या शब्दांनी काही कळणार नाही. रंगुबाई तिच्याकडं बघत राहिली. यंत्राचं नाव घेऊन माणसं काय वाटेल ते सांगतात, असं तिच्या डोळ्यांत होतं.

बनुबाई परत खाटेपाशी गेली. धुळा जागा होता. तो वर छताकडं बघत म्हणाला, "वैनी, फौजी हवालदाराला काय बोलले त्ये मी ऐकलं. शुद्धीत हुतो मी."

ती स्टूल ओढून खाटेशी बसली.

"पाय मोडला त्याचं न्हाई मला. मोडतो. कुव्यात फिरनाऱ्याचा मोडतो." त्यानं चिडून चादरीचा काठ मुठीत धरला. "मी घाबारलो न्हवतो वैनी. मी क्लच दाबला हुता."

"मी बघितलं."

"मग तुमी का न्हाई बोल्ला?"

ती एस.टी.नं औंधला परतली तेव्हा तिच्या अंगात जाळ होता. यात्रा उठत होती. कुव्याच्या फळ्या निघत होत्या. पडलेली गाडी एका बाजूला पोत्याखाली झाकून ठेवली होती. नाथाजी तिथं बसून विडी ओढत होता.

"धुळा कसा हाय?"

"इंजिन खोललं का?"

"कशाला?"

"कशाला?" तिचा आवाज इतका चढला की फळ्या उचलणारी माणसं थांबली. "पोराचा पाय टांगलाय तिथं. त्याचं लगीन मोडलंय. दारुडा म्हनून मोडलंय! आन् तुमी इचारताय कशाला?"

"दारूचं मी बोल्लो न्हाई. त्ये लालासाहेब बोल्ले."

"घाबारला म्हनून तुमी बोल्ला. माज्या कानानं ऐकलंय. आदी इंजिन बंद पडलं, मग पोरगं पडलं. मी तितंच हुते. तुमी बी तितंच हुता. तुमचं कान काय फौजेत ठेवून आलाय?"

नाथाजीनं विडी टाकली. "बने, ऐक. इंजिन जाम झालं म्हटलं असतं तर कुवा तिथंच बंद पडला असता. परवाना गेला असता. आपन काय खायचं? त्याचं हाड जुळंल. पोरगं तरणं हाय, महिनाभरात लोकं इसरून जात्याल."

"त्याच्या आईनं इसरायचं का?"

"गाडी सांगलीला धाडायचीय. तितं खोलू. तू आता ह्यात पडू नगंस." तो उठला आणि लालासाहेबाकडं पलूसला जायला निघाला. जाता जाता म्हणाला, "बाईनं गाडी चालवावी. इंजिनातलं आमाला कळतंय."

ह्या शेवटच्या वाक्यानं काम केलं. इतकी वर्षं त्याच्या हातात पाना कोण देत होतं? नट कोणी सोडवले होते, पिस्टनची कडी कोणी रॉकेलनं धुतली होती, वॉल्व्ह कोणी घासून बसवले होते? बनुबाई पोत्यापाशी बसली. पोतं ओढून काढलं. तिनं किकवर पाय ठेवून सगळं वजन टाकलं. किक हलली नाही. थंड इंजिन, तीन दिवस पडून राहिलेलं, आणि तरी हलत नव्हतं. म्हणजे आत जे झालं होतं ते झालं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या न्यायला टेम्पो आला. बनुबाईनं ड्रायव्हरला सांगितलं, फळ्या राहू देत, आधी ही गाडी घाल आणि माझ्या मागनं दहिवडीच्या रस्त्याला ये. मालकाची बायको सांगते म्हटल्यावर त्यानं विचारलं नाही. तिनं पान्यांची पेटी पाठीला बांधली, आपल्या गाडीला किक मारली, आणि निघाली. रस्त्यानं माणसं थांबून बघत होती. तिनं कुणाकडं बघितलं नाही. तोंडावर वारा लागत होता तरी कानशिलं तापलेलीच होती.

रंगुबाई साताऱ्याहून मेंढरांची सोय लावायला घरी आली होती. वस्तीच्या मधोमध बाभळीखाली टेम्पोनं गाडी उतरवली तेव्हा बायामाणसं जमली. बनुबाई म्हणाली, "मावशी, पोरीच्या बापाला बोलवा. आन् ज्येला ज्येला वाटतं धुळा भ्याला, त्या समद्यांना बोलवा."

पोरीचा बाप जोतिबा शेजारच्याच वस्तीवरचा. तो आला, पण बसला नाही, काठी टेकून उभा राहिला. "बाई, मला गाडीतलं काय कळत न्हाई."

"कळायला लागत न्हाई. ह्या माज्या गाडीला किक मारा."

जोतिबानं अवघडून पाय ठेवला. किक खाली गेली, इंजिन फुसफुसलं. "आता त्या गाडीला मारा." त्यानं मारली. मग जोर लावून मारली. मग एक तरणा गडी पुढं आला, त्यानं दोन्ही पायांनी मारली. रंगुबाई उठली, घोंगडं बाजूला ठेवलं आणि तिनंही पाय देऊन बघितला.

"ही गाडी चालवनाऱ्यानं बंद केली न्हाई," बनुबाई म्हणाली. "ही आतनं धरलीय. का धरली त्ये दावते."

तिनं पाने काढले. पेट्रोलची टाकी उतरवली, नळी सोडवली, वरचे नट सोडवले. हेड उचललं तेव्हा माणसं वाकून बघू लागली. पिस्टनच्या माथ्याला बोरीचं बोर जाईल एवढं भोक पडलं होतं. भोकाच्या कडा मेण वितळावं तशा वाकल्या होत्या, आणि वितळलेला धातू सिलिंडरच्या भिंतीला लिंपून बसला होता.

"आगं आई," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात नाथाजी आला. पलूसहून परतल्यावर त्याला टेम्पोचं कळलं होतं. एस.टी.तून उतरून तो फुफाट्यातनं भरभर चालत आला होता, घामानं डबडबला होता. "काय चालवलंयस हे? घरची अब्रू माळावर मांडतीस?"

"अब्रू न्हाई. इंजिन मांडतीय." तिनं दुसरी गाडी पुढं ओढली आणि तिची टाकी सोडवायला घेतली.

"त्या गाडीला हात लावू नगंस!"

"ही माजी हाय. ती तुमची." तिनं वर न बघता पाना फिरवला.

तो पुढं आला. जोतिबानं काठी आडवी धरली. मारायला नव्हे, फक्त आडवी. "जरा थांबा फौजी. बघू द्या."

दुसरं हेडही उतरलं. बनुबाईनं दोन्ही हेडं उलटी करून मातीवर टेकवली, हलू नयेत म्हणून खाली दगड लावले, आणि रंगुबाईकडं पाण्याचा तांब्या नि वाटी मागितली. तिनं असं करताना नाथाजीलाच पाहिलं होतं, पिचकारीनं थेंब थेंब मोजताना, तोंडानं पुटपुटत. तिनं आधी आपल्या गाडीच्या हेडात पाणी ओतलं. वाटी भरून पाणी आत गेलं, आणखी थोडं गेलं, आणि काठाला टेकलं. मग घासलेल्या हेडात ओतायला लागली. वाटी निम्मी व्हायच्या आत पाणी ओसंडून मातीत गेलं.

जोतिबा वाकून वाटीत बघू लागला.

"हितं पेट्रोलचा भडका उडतो," ती म्हणाली. "दोनी गाड्या सारक्या हुत्या. ही घासून हिच्यातली जागा कमी केली, आन् खालनं उंच पिस्टन घातला. भडक्याला जागा ऱ्हायली न्हाई. मग गाडी लय पळती. लय वाजती. आन् तापून तापून हे असं हुतं. मला म्हसवडला कळलं. मी बसायची न्हाई म्हटलं. मग धुळ्याला बसवला."

"पेट्रोल भेसळीचं हुतं," नाथाजी म्हणाला. आवाज खाली गेला होता.

बनुबाई उभी राहिली. हात काळे, पदर खोचलेला. "एकाच डब्यातनं दोनी गाड्यात वतलं तुमी. मी बी त्याच पेट्रोलवर फिरले. माजा पिस्टन का न्हाई वितळला?"

नाथाजीनं टोपी काढून घाम पुसला.

जोतिबानं विचारलं, "पोरगं प्यालं हुतं?"

"न्हाई."

"भ्यालं हुतं?"

नाथाजीनं त्या दोन हेडांकडं बघितलं, त्यातल्या पाण्याकडं बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "क्लच बरोबर दाबला त्यानं. न्हाई दाबला असता तर डोक्यावर पडला असता."

"मग हवालदाराला तसं का सांगितलं?"

"कुवा बंद पडला असता."

बनुबाई हसली. ते हसू ऐकून नाथाजीनं मान खाली घातली. रंगुबाईनं घोंगडं खांद्यावर टाकलं. ती त्याच्यासमोर गेली. त्याच्या छातीपर्यंतच तिचं डोकं येत होतं.

"हितं सांगून काय उपेग? तू जितं म्हटलास तितं जाऊन सांग. औंधात. त्या हवालदारापुढं. आन् चार माणसं असताना सांग."

"सांगतो मावशी."

"मला मावशी म्हनू नगंस."

जोतिबानं काठी परत जमिनीला टेकवली. मग म्हणाला, "रंगुबाई, दारूचं बोल्लो त्ये मी माघारी घेतो. चारचौघांत घेतो. पन पोरीचं मन घट होत न्हाई. पाय आखूड ऱ्हानार म्हंत्यात डॉक्टर. मेंढरामागं चालनाऱ्याचा पाय आखूड झाला तर काय करायचं? मी पायापायी मोडतोय, दारूपायी न्हाई. एवढं तुमी ध्यानात ठेवा."

"ठेवते," रंगुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बनुबाईच्या आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

नाथाजी औंधला गेला. हवालदारानं त्याला उभं करून सगळ्यांसमोर झापलं, खोटं सांगितल्याबद्दल आत घालीन म्हणाला, मग घातलं नाही. लालासाहेबाला हे कळल्यावर तो पलूसहून गाडी करून आला आणि ओरडून गेला. भागी मोडली म्हणाला, दुसरी बाई बघतो म्हणाला. दोन यात्रा त्याचा कुवा उभाच राहिला नाही. दुसरी बाई काही मिळाली नाही.

नाथाजी साताऱ्याला दवाखान्यातही गेला होता. धुळ्यानं त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. पुढं धुळा घरी आला, काठी घेऊन चालायला लागला, दहिवडीच्या बाजारात एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. त्याचं लग्न दोन वर्षांनी झालं, दुसरीकडं. कुव्याकडं तो कधी फिरकला नाही. बनुबाई गेली की चहा सांगायचा. नाथाजीचं नाव निघालं की दुसरं बोलायचा.

त्याच वर्षी चैत्रात लालासाहेब परत आला. सांगलीला मोठं प्रदर्शन भरणार होतं. ह्या वेळी तो खाली बघून बोलला. बनुबाई म्हणाली, "माजी गाडी हाय तशी चालंल. दुसरी हाय तशी न्हाई चालनार."

नाथाजीनं पुण्याच्या जुन्या बाजारातनं न घासलेलं हेड शोधून आणलं. सिलिंडर नवा बसवला, जुना, चपट्या माथ्याचा पिस्टन परत घातला. सायलेन्सर लावला. पुरा आठवडा तो तिच्याशी एक शब्द न बोलता काम करत होता आणि ती त्याला एक पानाही देत नव्हती.

सांगलीच्या मैदानात कुवा उभा राहिला. पहिल्या खेळाआधी, दुपारी, वर कुणी प्रेक्षक नसताना, नाथाजीनं गाडी तळात आणली. किक मारली. गाडी डुगडुगायला लागली. तो म्हणाला, "ऐक. खडे वाजत न्हाईत. आता चढ."

बनुबाई जागची हलली नाही. "तुमी चढा."

"मी? मला भिंतीवर जाऊन कैक वर्सं झाली."

"म्हनूनच. हितनं पुढं तुमी ज्या इंजिनाला हात लावाल, त्या गाडीवर आदी तुमी चढायचं. रोज. मग मी. न्हाई जमत तर फळ्या उतरवा."

नाथाजीनं तिच्याकडं बघितलं. कानशिलाचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. मग त्यानं टोपी काढून तिच्या हातात द्यायला पुढं केली. तिनं घेतली नाही. त्यानं ती फळीवर ठेवली, गाडीवर बसला, तळाशी फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. मग गाडी भिंतीवर गेली.

बनुबाई हाताची घडी घालून तळाच्या मध्यावर उभी राहिली, आणि तो उतरेपर्यंत त्याच्याकडं न बघता नुसतं इंजिन ऐकत राहिली.